भूर्ज, बेर्योझा, ब्र्झीझा : एका झाडाची भावकी

प्रश्न : आमची धाकटी सून झेक, ब्रनोची. तिने स्वयंपाकघरात तिच्या भाषेतलं कॅलेंडर लावलं आहे. त्यात मार्च महिन्याचं नाव 'ब्र्झेझेन' आहे. विचारलं तर म्हणाली, 'ब्र्झीझा' म्हणजे बर्चचं झाड, त्यावरून आलंय. आमचे हे संस्कृतचे निवृत्त शिक्षक. ते ताडकन म्हणाले, "अगं, हे तर आपलं भूर्ज!" सून हसली. मुलगा म्हणाला, बाबांना सगळंच संस्कृतात दिसतं. खरं काय समजायचं? (एक वाचक, मिरज)

उत्तर : ताई, पैज लागली असेल तर ती ह्यांनी जिंकली. 'अमुक परदेशी शब्द आपल्या तमुक शब्दासारखा लागतो' अशी पत्रं मला सतत येतात आणि बहुतेकांना नाही म्हणून कळवावं लागतं. तुमच्या पत्राला मात्र हो म्हणते. ब्र्झीझा आणि भूर्ज हे एकाच जुन्या शब्दाचे वंशज आहेत.

आधी भावकी गोळा करू. (तिकडचे दोन-तीन वेगळे उच्चार मी देवनागरीत एकाच 'झ'वर भागवते आहे, चालवून घ्या.) रशियन बेर्योझा, युक्रेनी बेरेझा, बेलारूसी ब्यारोझा. पोलिश ब्झोझा, ज्यात लिहिताना 'र'चं अक्षर आहे, पण बोलताना ते विरघळून गेलंय. झेक ब्र्झीझा. त्यातला र आणि झ एका दमात म्हणायचा आवाज सूनबाईंकडून शिकून घ्या, आणि नाही जमला तरी वाईट वाटून घेऊ नका, झेक मुलांच्या तोंडीही तो सगळ्यात शेवटी बसतो. स्लोव्हाक, स्लोव्हेनियन, क्रोएशियन, सर्बियन, मॅसेडोनियन, बल्गेरियन या सगळ्यांकडे सरळ ब्रेझा. या सर्वांच्या मागे जाऊन अभ्यासकांनी जे रूप उभं केलंय ते 'बेर्झा'. ते कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, कारण आदि-स्लाव्ह, म्हणजे या सगळ्या स्लाव्ह भाषांची आई, बोलणाऱ्यांकडे लिपीच नव्हती. म्हणून छापताना अशा रूपाच्या आधी एक तारा काढतात. तारा दिसला की समजायचं, हा शब्द हिशेबाने काढलेला आहे, दप्तरात मिळालेला नाही.

एका बेर्झाचे इतके तुकडे का पडले, हा यातला मला सगळ्यात आवडणारा भाग. स्लाव्ह बोलींना एका काळी व्यंजनावर संपणारं अक्षर नकोसं झालं. 'बेर्-झा' मधलं 'बेर्' त्यांना अडखळायला लागलं. प्रत्येक प्रदेशाने आपापला तोडगा काढला. पूर्वेकडच्यांनी र नंतर एक स्वर घुसवला : बे-रे-झा. दक्षिणेकडच्यांनी आणि झेक-स्लोव्हाकांनी र आणि स्वर यांची अदलाबदल केली : ब्रे-झा. पोलिश लोकांनीही अदलाबदलच केली आणि पुढे ए चा ओ करून टाकला. हे दोन्ही तोडगे आपल्या घरचेच आहेत. 'धर्म'चं 'धरम' आणि 'कर्म'चं 'करम' आपण रोज ऐकतो, ते युक्रेनच्या बेरेझासारखं. आणि पेशावरच्या बाजूला शाहबाजगढीला अशोकाचा जो शिलालेख आहे, त्यात धर्मासाठी 'ध्रम' आणि प्रियदर्शीसाठी 'प्रियद्रशि' असं कोरलंय, ते बेलग्रेडच्या ब्रेझासारखं. ह्यांना हे सांगा, खूश होतील.

बेलग्रेड म्हटलं तर तेही याच नियमातलं. आदि-स्लाव्ह 'गोर्द' म्हणजे तटबंदीचं गाव. रशियात त्याचं 'गोरोद' झालं, म्हणून नोव्हगोरोद. दक्षिणेत 'ग्राद' झालं, म्हणून बेलग्रेड. (मग लेनिनग्राद का, असं कुणी विचारेलच. रशियनमध्ये दक्षिणेकडची धर्मभाषा भारदस्त शब्दांसाठी वापरतात, आपण मराठीत संस्कृत वापरतो तसंच.) हा बदल कधीचा, तेही एका माणसाच्या नावावरून ठरतं. राजा या अर्थाचा शब्द रशियनमध्ये 'कोरोल', झेकमध्ये 'क्राल', पोलिशमध्ये 'क्रूल'. तोच घाट, तीच अदलाबदल. आणि हा शब्द बहुतेकांच्या मते आला कार्ल या नावावरून, म्हणजे आपण ज्याला शार्लमेन म्हणतो त्या फ्रँक सम्राटावरून. तो वारला 814 साली. म्हणजे त्याचं नाव स्लाव्ह लोकांच्या तोंडी गेलं तेव्हा ही मोडतोड अजून व्हायची होती किंवा चालू होती. बेर्झाचे तुकडे साधारण त्याच काळात पडले.

आता भूर्ज. इथे नुसता आवाज सारखा लागतोय म्हणून भागत नाही, जोडी नियमाने बसावी लागते. संस्कृतात शब्दारंभी 'भ' असेल तिथे स्लाव्ह भाषांत 'ब' येतो : भ्राता आणि रशियन ब्रात, भय आणि बोयात्स्या म्हणजे भिणे. संस्कृतातला एका जातीचा 'ज' तिकडे 'झ' होतो : ज्ञा, म्हणजे आपलं जाणणे, आणि रशियन झ्नात, जम्भ म्हणजे दात आणि रशियन झूब. भ ला ब, र ला र, ज ला झ. अर्थही तंतोतंत तोच, पांढऱ्या सालीचं तेच झाड. मूळ धातू 'चमकणे, पांढरं असणे' या अर्थाचा मानतात, संस्कृतातलं 'भ्राजते' त्याच घराण्यात बसवतात. आणि बर्चचं खोड खरंच चमकतं. सालीच्या वरच्या थरात बेट्युलिन नावाचं द्रव्य भरलेलं असतं, त्याचा तो पांढरा रंग. 1788 साली सेंट पीटर्सबर्गमध्ये टोबियास लोवित्झ या रसायनशास्त्रज्ञाने ते वेगळं काढलं.

महिन्याचं म्हणाल, तर युक्रेनीतही मार्चला 'बेरेझेन' म्हणतात. लिथुआनियन भाषेत बर्चला 'बेर्झास', आणि त्याच्या नावाचा महिना 'बिर्झेलिस' जूनमध्ये. बेलारूसीत मार्चचं नाव 'साकाविक', म्हणजे रसाचा महिना. तो रस बर्चचाच. पानं फुटायच्या आधी, बर्फ वितळायला लागलं की झाड मुळातून पाणी वर ओढतं, तेव्हा खोडाला बारीक भोक पाडून भांडं लावून ठेवतात. मी मॉस्कोत शिकत होते तेव्हा दुकानात हा रस तीन-तीन लिटरच्या काचेच्या बरण्यांत मिळायचा. नीरेत मोप पाणी घातलं तर लागेल तशी चव. रशियन मैत्रिणी ग्लासमागून ग्लास प्यायच्या, मला त्यात साखर घालाविशी वाटायची.

एक गोष्ट लपवत नाही. ब्र्झेझेनबद्दल झेक अभ्यासकांत दुसरंही एक मत आहे. 'ब्र्झेझी' म्हणजे गाभण, आणि मार्च हा जनावरं गाभण असण्याचा महिना, म्हणून ते नाव. मला बर्च पटतो, शेजारच्या भाषांची साक्ष आहे म्हणून. पण सूनबाईंच्या माहेरी हा वाद निघाला तर तुम्हाला माहीत असलेला बरा.

प्रश्न : रशियन बेर्योझा आणि संस्कृत भूर्ज एकच, असं तुम्ही मागेही एकदा ओझरतं लिहिलं होतं. मग शब्द भारतातून तिकडे गेला असं सरळ का म्हणत नाही? आडवळणाने 'एकाच मूळ शब्दाचे वंशज' कशाला? शिवाय काश्मिरीत भूर्जाला 'बुर्ज़' म्हणतात, म्हणजे वाटेवरचा टप्पासुद्धा सापडतो. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : सरळ म्हणत नाही कारण ते सरळ नाही. काश्मिरीचा मुद्दा चांगला काढलात, आधी तोच घेते. काश्मिरीत संस्कृत 'ज'चा 'ज़' सर्रास होतो. जाणणे याला ते 'ज़ानुन' म्हणतात. हा बदल काश्मीरने आपल्या घरी, आपल्या वेळी केला. स्लाव्ह भाषांनी त्यांचा 'झ' हजारो मैलांवर आणि पुष्कळ आधी केला. दोघांचा निकाल सारखा लागला एवढंच. आपल्या 'जहाज'मधला ज सुद्धा झ कडे झुकलेला आहे, म्हणून मराठी काही रशियाच्या वाटेवरचं गाव ठरत नाही! श्रीनगरजवळच्या बुर्ज़होमचं नाव मात्र या निमित्ताने लक्षात ठेवा. नवाश्मयुगातली वस्ती तिथे उकरली गेली आहे आणि गावाच्या नावाचा अर्थच 'भूर्जाची जागा'.

आता मुख्य अडचण. संस्कृत भूर्ज उसना घेतला असता तर स्लाव्ह भाषांत त्याचं 'बुर्झ'सारखं काहीतरी झालं असतं. आतला 'ए' कुठून आला? तो 'ए' जुना आहे. जर्मन 'बिर्के', इंग्रजी 'बर्च', लिथुआनियन 'बेर्झास' या सगळ्यांच्या मागे तोच 'ए' आहे. संस्कृतात मूळचे ए, ओ, अ हे तीन स्वर मिसळून एकच 'अ' झाला, त्यामुळे संस्कृतात जे पुसलं गेलं ते संस्कृतातून परत काढून देता येत नाही.

आणि भूर्जातला दीर्घ 'ऊ' बघा. तो तिथे का? 'पूर्ण'मध्येही तसाच ऊ आहे. 'दीर्घ' आणि 'शीर्ष'मध्ये त्याच जागी ई आहे. प, भ अशा ओठांच्या व्यंजनानंतर 'ऊर्', इतरत्र 'ईर्'. आपले वैयाकरण हा फरक नोंदवून होते. त्याच्यामागे एक हरवलेला घशातला ध्वनी आहे. 1878 साली, जेमतेम एकविसाव्या वर्षी, फेर्दिनां द सोस्यूर या स्विस भाषाशास्त्रज्ञाने निव्वळ गणित मांडून सांगितलं की इथे असा एखादा ध्वनी असलाच पाहिजे, जो कुठल्याच ज्ञात भाषेत उरलेला नाही. लोकांनी मनावर घेतलं नाही. 1915 मध्ये बेद्रिख ह्रोझ्नीने तुर्कस्तानातल्या विटांवरची हित्ती भाषा उलगडली आणि 1927 मध्ये पोलंडच्या कुरिलोविचने दाखवून दिलं की सोस्यूरच्या हिशेबातल्या काही जागी हित्तीत 'ह'चं चिन्ह चक्क लिहिलेलं आहे. ह्रोझ्नी झेक होता, हे मिरजेच्या ताईंच्या सुनेसाठी.

'पूर्ण'ला रशियनमध्ये 'पोल्नी', 'दीर्घ'ला 'दोल्गी'. तिथे दीर्घ स्वर नाही, पण लिथुआनियन बेर्झासच्या पहिल्या अक्षरावरचा विशिष्ट आघात आणि रशियन बेर्योझामध्ये आघात दुसऱ्या अक्षरावर असणं, हा त्याच हरवलेल्या ध्वनीचा माग आहे. संस्कृतने तो स्वराच्या लांबीत जपला, बाल्टिक (म्हणजे लिथुआनियनच्या कुळातल्या) आणि स्लाव्ह मंडळींनी सुरात. दोघांनी एकाच वारशातला वेगवेगळा दागिना ठेवून घेतला. एकाने दुसऱ्याकडून घेतला असता तर असं झालं नसतं.

मूळचा शब्द मग कुठला? याच्यावर एकोणिसाव्या शतकापासून शाई सांडलेली आहे. बर्च जिथे उगवतो तिथे ते मूळचे लोक राहत असणार, असा तर्क. तर्क चुकीचा नाही, पण फारसा कामाचाही नाही, कारण बर्च उत्तर युरोपापासून सैबेरियापर्यंत सगळीकडेच आहे. त्याने एवढंच कळतं की ते लोक थंड मुलखातले होते. मला जास्त बोलकं वाटतं ते पुढचं : लोक जिथे जिथे गेले आणि झाड भेटत राहिलं, तिथे शब्द जसाच्या तसा टिकला. कॉकेशसमध्ये ओसेती लोक आजही 'बॅर्झ' म्हणतात, ते आपल्या इराणी शाखेचे नातेवाईक. झाड भेटेनासं झालं तिथे शब्द मेला नाहीतर दुसऱ्याच्या घरी नांदायला गेला. लॅटिनमधला 'फ्राक्सिनुस' बहुतेकांच्या मते याच मुळाचा, पण अर्थ 'ॲश' नावाचं वेगळंच झाड. ग्रीकमध्ये तर शब्दाचा पत्ताच नाही.

आपलं काय झालं? भूर्ज हिमालयात साधारण तीन हजार मीटरच्या वर, झाडं संपतात त्या रेषेवर वाढतो. कळसूबाई 1646 मीटर. सह्याद्रीत तो कुणी कधी पाहिलाच नाही. मराठीला झाड मिळालं नाही, फक्त साल मिळाली. म्हणून आपल्याकडे 'भूर्ज' एकटा येत नाही, 'भूर्जपत्र' असाच येतो.

प्रश्न : मी कामानिमित्त लियोंमध्ये असतो. ऑफिसात एखादं काम पार बोंबललं की फ्रेंच सहकारी "से ला बेरेझिना" म्हणतात. हा तुमचा बर्च तर नाही? (एक वाचक, फ्रान्स)

उत्तर : तोच. बेरेझिना ही बेलारूसमधली नदी. 1812 च्या नोव्हेंबरअखेर मॉस्कोहून परत फिरलेल्या नेपोलियनच्या सैन्याने ती ओलांडली. पूल बांधणाऱ्यांनी गार पाण्यात उभं राहून दोन पूल टाकले, सम्राट निसटला, पण मागे राहिलेल्यांची दाणादाण उडाली. आपण 'पानिपत झालं' म्हणतो तसं फ्रेंच लोक बेरेझिना म्हणतात. नाव बर्चवरून आलेलं मानतात. त्या भागात पूर्वी बाल्टिक बोलणारे लोक होते, त्यामुळे ते मूळ स्लाव्ह की बाल्टिक यावर दोन मतं असू शकतात, पण दोन्हीकडे झाड तेच आणि शब्दाचं मूळही तेच.

असे बर्च नकाशात आणि नावांत जागोजाग सापडतील. अमेरिकेच्या कार्टर सरकारातले सुरक्षा सल्लागार झ्बिग्न्यू ब्रझेझिन्स्की यांच्या पोलिश आडनावात 'बर्चचं बन' आहे. सोव्हिएत काळात फक्त परकीय चलन घेणाऱ्या दुकानांचं नाव 'बेर्योझ्का', म्हणजे लाडाने 'बर्चूताई'. आमची शिष्यवृत्ती रुबलांत मिळायची, त्यामुळे ही ताई आम्हाला दारातूनच वाटेला लावायची. आणि रशियन आजी नातवाला 'बर्चची लापशी देऊ का?' असं विचारते तेव्हा तो पळ काढतो. ती लापशी म्हणजे बर्चच्या फोकेचा प्रसाद.

प्रश्न : रशियातही भूर्जपत्रावर लिहीत, असं वाचलं. ती विद्या तिकडे आपल्याकडून गेली का? आणि खरं जुनं भूर्जपत्र महाराष्ट्रात कुठे आहे का? पूजासाहित्याच्या दुकानात मिळतं ते खरं असतं का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : तीन प्रश्न एकात बसवलेत, तर एकेक घेते.

विद्या आपल्याकडून गेलेली नाही. पातळ, आडवी सुटणारी, पाण्याने न कुजणारी साल समोर असेल तर त्यावर काहीतरी लिहावं हे कुणालाही सुचेल. लिहिण्याची तऱ्हा मात्र दोन्हीकडे अगदी वेगळी आहे. काश्मीरमध्ये बोरूने शाईने लिहीत. अल बेरूनीने अकराव्या शतकात या पद्धतीचं वर्णन केलंय : हातभर लांब आणि पंजा पसरल्यावर बोटांच्या रुंदीइतका सालीचा तुकडा घ्यायचा, त्याला तेल लावून घोटून घोटून कडक आणि गुळगुळीत करायचा, मग लिहायचं. त्यावर ग्रंथ उतरत. कालिदासाने 'कुमारसंभवा'त हिमालयातल्या विद्याधर सुंदरींना याच सालीवर गेरूच्या रंगाने प्रेमपत्रं लिहायला लावलं आहे, पण आपल्या हाती जे आलं त्यात प्रेमपत्रं नाहीत. शास्त्रं आहेत, वेद आहेत, वैद्यक आहे. पेशावरजवळ बख्शाली गावात 1881 मध्ये शेतात खणताना मिळालेलं गणिताचं बाड भूर्जपत्रावरचंच, ज्यात शून्यासाठी टिंब आहे.

रशियातल्या नोव्हगोरोद शहरात उलटं. तिथे शाई नाही. हाडाच्या किंवा धातूच्या टोकदार काडीने सालीच्या आतल्या, पिवळट बाजूवर अक्षरं ओरखडत. आणि लिहायचं काय, तर रोजचं. कुणाकडून किती येणं आहे, मासे पाठव, घोडा विकला का, लग्नाला हो की नाही. चिठ्ठी वाचून झाली की फेकून द्यायची. रस्त्यावर चिखल इतका की लाकडी ओंडके एकावर एक अंथरत जात, आणि या चिठ्ठ्या त्या ओल्या, हवाबंद थरांत दबून राहिल्या. 26 जुलै 1951 रोजी नीना आकुलोवा नावाच्या उत्खननावर काम करणाऱ्या बाईंना पहिली सापडली. बाहेरून ती मासे पकडायच्या गळाच्या बोंडासारखी एक तपकिरी गुंडाळी. गरम पाण्यात भिजवून, हलकेच धुऊन, उलगडून दोन काचांमध्ये दाबली की अक्षरं वाचता येतात. तेव्हापासून एकट्या नोव्हगोरोदमध्ये अकराशेच्या वर झाल्या आहेत. भाषाशास्त्रज्ञ आंद्रेय झालिझ्न्याक यांनी त्यांच्यातून तिथली जुनी बोली उभी केली. आधीचे लोक ज्याला अडाण्यांच्या चुका म्हणत होते, त्या चुका नव्हत्याच, ते त्या बोलीचं नियमबद्ध व्याकरण होतं, हे त्यांनी दाखवलं. शिक्षिका म्हणून माझ्या मनात या माणसाबद्दल फार आदर आहे.

सगळ्यात गोड ओन्फिम. तेराव्या शतकातला सहा-सात वर्षांचा पोरगा. त्याच्या अभ्यासाच्या साली 1956 मध्ये सापडल्या. मुळाक्षरं, मग बाराखडीसारखं प्रत्येक व्यंजनाला स्वर लावून घोकणं, आणि कंटाळा आला की चित्रं. घोड्यावर बसलेला वीर, ज्याने शत्रूला भाला खुपसलाय, आणि शेजारी नाव लिहिलंय : ओन्फिम. एका चित्रात लांब मानेचं, गुंडाळलेल्या शेपटीचं जनावर, सोबत लिहिलंय 'मी रानटी जनावर आहे', आणि 'ओन्फिमचा दानिलाला नमस्कार'. ही साल म्हणजे एका जुन्या डब्याचं बूड होतं. कोरी साल पोराच्या हातात कोण देणार!

लिहायच्या सालीला रशियनमध्ये 'बेरेस्ता' म्हणतात. तोही शब्द याच मुळाशी जोडतात.

महाराष्ट्रातलं खरं भूर्जपत्र म्हणाल तर पुण्याला भांडारकर संस्थेत. 1875 मध्ये गेऑर्ग ब्यूलर मुंबई सरकारतर्फे काश्मीरला गेले आणि त्यांनी पोथ्यांचं मोठं घबाड आणलं. ते आधी डेक्कन कॉलेजात होतं, 1917 मध्ये भांडारकर संस्था निघाल्यावर तिकडे आलं. संस्थेतली ऋग्वेदाची तीस हस्तलिखितं 2007 मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतिनोंदीत गेली. त्यातलं एक भूर्जपत्रावरचं आहे, काश्मीरच्या जुन्या शारदा लिपीतलं. त्यात खिलसूक्तं, म्हणजे ऋग्वेदाला पुरवणी म्हणून जोडलेली सूक्तं आहेत, म्हणून अभ्यासकांना त्याचं फार मोल. एरवी आपण ऋग्वेद 'श्रुती', तोंडपाठ, अक्षरशः कागदाविना टिकलेला असं सांगतो आणि ते खरंच आहे. तरी काश्मीरमध्ये कुणीतरी तो या सालीवर उतरवून ठेवला.

दुकानातल्या 'भोजपत्रा'चं. खऱ्या सालीवर आडव्या बारीक तपकिरी रेघा असतात, त्या झाडाच्या श्वासाच्या जागा. कडेला नखाने उचललं तर कांद्याच्या पापुद्र्यासारखा थर सुटतो, आणि आतला थर वरच्यापेक्षा गुलाबीसर निघतो. असं असेल तर साल खरी. पण खरी आहे म्हणून घ्यावी असं माझं मत नाही. गंगोत्रीहून गोमुखाला जाताना भोजवासा लागतं. या झाडांवरूनच त्याला ते नाव पडलं. यात्रेकरूंच्या चुलींनी तिथली झाडं जवळजवळ संपवली होती. गिर्यारोहक हर्षवंती बिश्त यांनी तिथे वर्षानुवर्षं खपून भूर्जाची रोपं लावली. हे झाड सावकाश वाढतं आणि त्या उंचीवर वर्षातले थोडेच महिने त्याला वाढायला मिळतात. यंत्र कागदावर काढलं तर चालेल का, हे तुमच्या गुरुजींना विचारा. माझ्याकडून परवानगी आहे.

प्रश्न : मी रशियन शिकते आहे, पहिलं वर्ष. अक्षराला 'बुक्वा' म्हणतात. बर्चच्या सालीवर लिहायचे म्हणून तो शब्द झाला असं मी निबंधात लिहिलं आणि बाईंनी लाल रेघ मारली. (एक विद्यार्थिनी, डोंबिवली)

उत्तर : रेघ बरोबर मारली, पण तू जवळ पोचली होतीस. झाड आहे, फक्त दुसरं. 'बुक्वा' हा शब्द स्लाव्ह लोकांनी जर्मानिक भाषांकडून, म्हणजे जर्मन-इंग्रजीच्या कुळाकडून, घेतला. इंग्रजी 'बुक' त्याचाच भाऊ. जर्मानिक भाषांत हा शब्द 'बीच' झाडाच्या नावाशी जोडला जातो, आणि तेही नाव स्लाव्ह लोकांनी तिकडूनच उचललं : 'बुक' म्हणजे बीच. युक्रेन आणि रुमानियाच्या सीमेवरचा बुकोविना प्रांत म्हणजे बीचचा मुलूख. बेर्झा घरचा शब्द, बुक पाहुणा.

आता गंमत बघ. सर्बियात जाऊन 'बुक्वा' म्हणालीस तर समोरचा तुला बीचचं झाड दाखवेल. त्यांच्याकडे बुक्वा म्हणजे झाडच, अक्षराला ते 'स्लोव्हो' म्हणतात. आणि रशियनमध्ये 'स्लोव्हो' म्हणजे शब्द. पुढच्या निबंधात एवढं घाल, आणि बाईंना आघाताची खूण विसरलेली आवडत नाही, ती आधी तपासून दे.